लहान नियंत्रकास रिलेची जोड

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने एक मागणी नोंदवली. स्वयंचलित गिअरपेट्या बनविणाऱ्या या विभागात यंत्रांचे नियंत्रण रिलेंनी भरलेल्या कपाटांतून होत असे. मोटारीचे नवे मॉडेल आले की त्या कपाटांतील तारा उसकटून पुन्हा जोडाव्या लागत. तारांना हात न लावता केवळ आज्ञावली बदलून काम भागावे, एवढेच कंपनीचे म्हणणे होते. अशाच साधनाच्या खटपटीत असलेले रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांचा ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ साली पुढे आला. बेडफर्ड असोसिएट्स या त्यांच्या संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून हे नाव.

ज्या रिलेची कपाटातून हकालपट्टी करण्यासाठी हे यंत्र जन्मास आले, तोच रिले आज त्याच्या उंबरठ्यावर बसलेला आढळतो, ही मोठी मौजेची गोष्ट होय. नियंत्रकाच्या पोटातील संकेत अत्यंत दुबळे असतात. त्यांच्याने झडप उघडत नाही की मोटारीचा कॉन्टॅक्टर ओढला जात नाही. रिलेतील लहानशी कॉइल त्या दुबळ्या संकेतावर चालते आणि तिच्या ओढीने जे संपर्कबिंदू मिटतात, ते मात्र सर्वस्वी वेगळ्या मंडलातील प्रवाह वाहून नेतात. त्यामुळे एका गटावर २४ व्होल्टची झडप आणि दुसऱ्या गटावर २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर-कॉइल, असा संसार सुखाने चालतो. ट्रान्झिस्टरच्या प्रदानास हे साधत नाही. ते बहुधा २४ व्होल्ट एकदिश प्रवाहापुरते व सुमारे अर्ध्या अँपियरपर्यंतच उपयोगी पडते. त्याचा एक गुण मात्र रिलेपाशी नाही : ते झिजत नाही.

लहान नियंत्रकावरील जागा मोजक्याच असतात. सीमेन्स कंपनीने २००९ साली बाजारात आणलेल्या ‘एस ७-१२००’ मालिकेतील ‘१२१४ सी’ या नियंत्रकावर १४ आदाने व १० प्रदाने असतात. बाटल्या भरणाऱ्या यंत्रास पुढे सरकपट्टा व लेबल चिकटविणारे यंत्र जोडले की ही दहा प्रदाने हां हां म्हणता संपतात. मग नियंत्रकाच्या उजव्या अंगास विस्तार-मॉड्यूले जोडावयाची. या नियंत्रकास अशी आठ मॉड्यूले चालतात. वीजपुरवठा बंद करावा, मॉड्यूल त्याच पट्टीवर बसवावे, जोडणीचे टोक सरकवावे आणि आज्ञावलीत त्याची नोंद करावी, की यांत्रिक काम संपले. बहुतेकांची समजूत अशी की सारेच काम संपले.

खरे काम हिशेबाचे असते. वरील मालिकेतील सोळा रिलेंचे एक मॉड्यूल नियंत्रकाच्या अंतर्गत ५ व्होल्ट पुरवठ्यातून १३५ मिलिअँपियर घेते. अशी दोन बसविली तरी २७० होतात आणि १२१४ सी जवळ १,६०० आहेत, तेव्हा तेथे चिंता नाही. परंतु रिलेच्या कॉइलना २४ व्होल्ट लागतात, प्रत्येकी ११ मिलिअँपियर. बत्तीस कॉइलचे ३५२ झाले. नियंत्रकाच्या १४ आदानांचे प्रत्येकी ४ प्रमाणे ५६. एकूण ४०८. नियंत्रकाचा २४ व्होल्ट पुरवठा ४०० चाच! म्हणजे तूट अवघी ८ मिलिअँपियरची, तीही सर्व रिले व सर्व आदाने एकाच क्षणी चालू झाली तर. चाचणीच्या दिवशी असा क्षण येत नाही. तो येतो काम ऐन भरात असताना. शिवाय जागोजागी बसविलेले संवेदक त्याच पुरवठ्यावर असतील तर तूट वाढते. अशा वेळी कॉइलसाठी स्वतंत्र पुरवठा द्यावा. तो नियंत्रकाच्या पुरवठ्याशी समांतर मात्र कधीही जोडू नये. दोहोंची ऋण बाजू तेवढी एकत्र करावी.

दुसरा हिशेब आयुष्याचा. या रिलेचे यांत्रिक आयुष्य एक कोटी उघडझापींचे सांगितले जाते. आकडा मोठा खरा, पण तो संपर्कबिंदूंवर भार नसतानाचा. पूर्ण २ अँपियर भारावर तोच आकडा एक लाखावर येतो. दर सहा सेकंदांस एकदा उघडणारी झडप तासास ६०० व आठ तासांच्या पाळीत ४,८०० वेळा चालते. एक लाखाची शिदोरी एकवीस दिवसांत सरते. असले काम ट्रान्झिस्टरकडेच सोपवावे. दिव्यांच्या बाबतीतही फसगत होते. थंड तंतूचा दिवा पेटताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून याच संपर्कबिंदूंवर एकदिश प्रवाहाचा दिवा ३० वॅटपर्यंत व प्रत्यावर्ती प्रवाहाचा २०० वॅटपर्यंतच चालतो. झडपेची वा कॉन्टॅक्टरची कॉइल तुटताना दाब उसळतो व बिंदूंमध्ये ठिणगी पडते. एकदिश कॉइलवर उलटा डायोड व प्रत्यावर्ती कॉइलवर रोध-धारित्राची जोडी बसविल्यास ती बरीच आवरते. मॉड्यूलमध्ये फ्यूज नसतो; तो बाहेर घालावा लागतो. चार आण्यांचा फ्यूज वाचवून मॉड्यूल जाळणारे लोक थोडे नाहीत.

तथापि झिजलेला रिले बंदच पडेल असे नाही. ठिणगीने वितळलेले बिंदू एकमेकांस चिकटून बसतात. आज्ञावली म्हणते ‘थांब’, मॉड्यूलवरील दिवा विझतो आणि मोटार फिरतच राहते. पट्ट्यात हात घातलेल्या कामगारास त्या विझलेल्या दिव्याचा काय उपयोग? म्हणून आणीबाणीचे बटण कधीही केवळ आज्ञावलीवर विसंबून ठेवीत नाहीत. ते नियंत्रकास वगळून थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडते. कॉन्टॅक्टरचे स्वतःचे बिंदूही चिकटू शकतात. त्यामुळे जेथे धोका मोठा, तेथे एकापाठोपाठ दोन कॉन्टॅक्टर लावून प्रत्येकाचा साहाय्यक संपर्क नियंत्रकाच्या आदानास आणून जोडतात. प्रदान बंद केल्यावर ठरावीक अवधीत तो संपर्क बदलला नाही, तर आज्ञावली पुढची फेरी सुरूच करीत नाही. यासाठी प्रत्येक कॉन्टॅक्टरमागे एक आदान खर्ची पडते. साहजिकच प्रदाने वाढविण्यास निघालेल्या माणसास पुष्कळदा आदानांचे मॉड्यूलही विकत घ्यावे लागते, आणि त्याच्या आदानांचे चार-चार मिलिअँपियर मिळवून पुरवठ्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.