पिकअप उंच केल्यावर...

प्रश्न : माझ्या हायलक्सला २ इंचांची लिफ्ट किट बसवली. आता गाडी वळणावर झुकते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही भरकटतं. टायर बदलू का?

उत्तर : टायरआधी व्हील अलाइनमेंट करून घ्या. गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून वळणावर ती जास्त झुकते. पुढच्या विशबोनचे कोनही बदलतात. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडला की टायर फरफटत झिजतो. टायरवरून तळहात आडवा फिरवा : एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो चुकलाय. कॅस्टर जुळत नसेल तर बदली अप्पर आर्म (वरचे विशबोन) लागतील.

आता टायरचं : लिफ्टने बॉडी उंच होते, मागचा ॲक्सल नाही. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. २६५/६० आर १८ ऐवजी २६५/६५ घातले, तर ॲक्सल जेमतेम १३ मिलिमीटर वर येतो, आणि स्पीडोमीटर १०० दाखवताना खरा वेग सुमारे १०३ असतो.

घाटात वेग आवरा. जीव उंचीपेक्षा मोलाचा आहे.