घरबसल्या चिटणिशी

सांप्रत ‘घरीं बसून काम’ हे शब्द प्रत्येकाच्या कानीं पडत आहेत. कोणी ते मोठ्या आशेनें उच्चारितो, कोणी तुच्छतेनें. परंतु तें काम म्हणजे नेमकें काय, तें कोणास साधतें व त्यांत धोके कोणते, ह्याचा शांतपणें विचार करणारे थोडे. आपल्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं तो करावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

इंग्रजींत ज्यास व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, त्यास आपण दूरस्थ साहाय्यक म्हणूं. काम देणारा एका गांवीं, करणारा दुसऱ्या गांवीं, आणि दोघांस जोडणारें इंटरनेट. समजा, लंडन शहरीं एका दंतवैद्याचा दवाखाना आहे. रुग्णांच्या वेळा नोंदणें, आलेल्या ई-मेलांस उत्तरें लिहिणें, बिलें तयार करणें, थकलेल्या पैशांची नम्रपणें आठवण देणें, हीं कामें दवाखान्यांत बसूनच केलीं पाहिजेत असें नाहीं. मुळशी तालुक्यांतील रिहे गांवीं संगणकापुढें बसलेली एखादी मुलगीही तीं करूं शकते.

हें काम नवें दिसलें, तरी त्याचें कूळ जुनें आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी ह्यांचें नांव तुम्ही इतिहासांत वाचलेंच असेल. राज्याचीं पत्रें चिटणिसाच्या हातून जात. तेथें नुसतें अक्षर सुंदर असून भागत नसे. मजकूर नेटका असावा लागे, पत्र वेळेवर निघावें लागे आणि कळलेली गोष्ट पोटांत ठेवावी लागे. साधनें बदललीं, हे तीन गुण मात्र आजही तेच आहेत.

आपल्या तालुक्यास घर आणि पोट ह्यांची ताटातूट ठाऊक आहे. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला व सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. तरीही अखेर जमिनी पाण्याखालीं गेल्या आणि अनेक कुटुंबांस गांव सोडावें लागलें. पुढें ह्याच तालुक्यांत हिंजवडीस राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभें राहिलें. २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हां तेथील मोठमोठीं कार्यालयें ओस पडलीं. पण त्यांतील पुष्कळसें काम चालूच राहिलें, कारण तें माणसांबरोबर त्यांच्या घरीं गेलें होतें. जें काम हिंजवडीहून घरीं नेतां येतें, तें रिहे खोऱ्यांतही येऊं शकतें. भाताचीं खाचरें व वृद्ध आईबाप मागें टाकून शहरांत खोली शोधणें, हा एकच मार्ग आतां उरलेला नाहीं.

मात्र मार्ग सोपा आहे असें कोणीं समजूं नये. पहिली अडचण घड्याळाची. लंडनला सकाळचे नऊ वाजतात, तेव्हां आपल्याकडे उन्हाळ्यांत दुपारचा दीड व हिवाळ्यांत अडीच झालेला असतो. न्यूयॉर्कला नऊ वाजतात, तेव्हां येथें सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात होतात. म्हणजे तेथील पूर्ण दिवसाचें काम पत्करिलें, तर आपली मध्यरात्र उलटून जाते. दुसरी अडचण विजेची. मुळशीच्या धुवांधार पावसांत वीज गेली, ही सबब सातासमुद्रांपलीकडे फार दिवस चालत नाहीं. म्हणून बॅटरीची व दुसऱ्या इंटरनेट जोडणीची तजवीज आधींच करावी.

आतां विद्येविषयीं. टंकलेखन अवश्य शिकावें. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक-टंकलेखन परीक्षा मराठी, हिंदी व इंग्रजी ह्या तिन्ही भाषांत होतात. तथापि केवळ बोटांच्या वेगावर पुढील काळीं पोट भरेल, हा भरंवसा धरूं नये. २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखीं साधनें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. मजकुराचा कच्चा खर्डा तीं क्षणांत करून देतात. परंतु त्यांतील चूक ओळखणें, रागावलेल्या गिऱ्हाइकास कोणत्या शब्दांत लिहावें हें ठरविणें, आणि झालेल्या कामाची जबाबदारी अंगावर घेणें, हें माणसाकडेच राहतें. ह्यास्तव व्याकरणशुद्ध इंग्रजी व मराठी, जमाखर्चाचें ज्ञान आणि एक्सेलसारख्या कोष्टकांचा सराव ह्यांवर अधिक श्रम करावे. दुसऱ्याची खासगी माहिती फोडण्याचा मोह तर मनासही शिवूं देऊं नये. करारानें हातीं आलेली अशी माहिती लबाडीनें उघड करणें, हें माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्यान्वयें दंडास पात्र आहे.

ह्यानंतर सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावी. ‘घरबसल्या दरमहा हजारों रुपये मिळवा’ अशा संदेशांनीं अनेक कुटुंबें नाडलीं गेलीं आहेत. रीत बहुधा एकच असते. आरंभीं किरकोळ कामाचे थोडे पैसे खरोखरच देतात. विश्वास बसला कीं नोंदणी, अनामत किंवा प्रशिक्षण ह्या नांवाखालीं पैसे मागतात. नंतर अडकलेले पैसे सोडविण्यासाठीं आणखी मागतात. ह्यास एकच कसोटी पुरे आहे: मजूर मालकास पैसे देत नसतो. जो काम देण्याआधीं तुमच्याकडे पैसे मागतो, तो मालक नव्हे. बँकेचा ओटीपी कोणासही सांगूं नये. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसतां ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. जितकी त्वरा, तितकी रक्कम थांबविण्याची आशा अधिक.

हिशेबही डोळसपणें करावा. तासाला २०० रुपये, रोज ४ तास, महिन्यास २५ दिवस, असें काम मिळालें असें धरूं. एकूण २०,००० रुपये झाले. मध्यस्थ संकेतस्थळ शेंकडा २० दलाली कापीत असेल, तर १६,००० उरतात. त्यांतून वीज, इंटरनेट व संगणकाची झीज वजा जाते. आजारपणाची रजा नाहीं, काम नसेल त्या महिन्यास वेतन नाहीं आणि मालकाकडून भविष्य निर्वाह निधि नाहीं. म्हणून पोस्टांत स्वतःचें पी. पी. एफ. खातें उघडावें, वर्षास किमान ५०० रुपये भरूनही तें चालू ठेवितां येतें. काम, दर व पैसे देण्याची तारीख हीं लेखी घ्यावीं. वयाचीं १८ वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं केलेला करार कायद्यानें टिकत नाहीं. तेव्हां शाळेंतील मुलांनीं हीं वर्षें शिकण्यांतच घालवावीं.

एकट्यानें काम करणाऱ्यास भाव पाडून मागतात; चौघे एकत्र आले कीं बोलणें बदलतें. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तीच आजची लिज्जत पापड संस्था. तेथील भगिनी पीठ घरीं नेऊन पापड लाटतात. पण ती संस्था त्यांची सर्वांची आहे. एका गांवांतील चार मुलींनीं मिळून एकीनें पत्रव्यवहार, दुसरीनें हिशेब, असें काम वांटून घेतलें, तर एक आजारी पडली तरी काम अडणार नाहीं.

शेवटीं पालकांस एक विनंति. मुलगी घरांत दिसते म्हणून ती रिकामी आहे असें मानूं नये. दुपारीं दीड वाजतां तिनें संगणक उघडला, कीं ती कचेरींत गेली असें समजावें. पाणी भरणें, पाहुण्यांचा चहा व धाकट्या भावंडांस सांभाळणें हीं कामें त्या वेळेपुरतीं इतरांनीं पत्करावीं, आणि त्यांत घरांतील पुरुष मंडळींनींही हात घालावा. तसें न झालें, तर तिच्या मानेवर दोन जोखडें बसतील आणि दोन्ही कामें बिघडतील. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं येत्या सुटींत घरचा एका महिन्याचा जमाखर्च कोष्टकांत मांडून पाहा, आणि आठवड्यास एक पत्र निर्दोष इंग्रजींत लिहून शिक्षकांस दाखवा. चिटणिशीचा पहिला धडा ह्यांतच आहे, आणि त्यास कोणतीही अनामत पडत नाहीं.