श्वसनक्रिया : वायूंचा जमाखर्च

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आर्थिक पत्रकांसोबत एखादा आरोग्यविषयक लेख द्यावा, ही आमची जुनी प्रथा आहे. यंदा आम्ही श्वसनक्रिया हा विषय निवडला. त्यास एक प्रसंग निमित्त झाला.

आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या एक वृद्ध माता दम लागल्याने आमच्याकडे दाखल होत्या. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली होती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९० हा आकडा दिसत होता. शंभरात दहा कमी, म्हणजे आईला प्राणवायू अपुरा पडतो आहे, अशा समजुतीने त्यांच्या मुलाने रात्री फ्लोमीटरची चावी वाढवली. आकडा ९८ वर गेला आणि मुलगा निर्धास्त झाला. पहाटे सिस्टरांना मात्र रुग्ण गाढ गुंगीत आढळल्या. वेळीच उपचार झाल्याने त्या बचावल्या. मुलाचा हेतू शुद्ध होता. त्यांच्यासाठी ९० हाच आकडा योग्य होता, हे आम्हीच त्याला समजावून सांगितले नव्हते. ती उणीव आमची होती. तिची अल्पशी भरपाई म्हणून हा लेख सादर करीत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने, डॉक्टरांकडून समजावून घेतलेल्या गोष्टी आम्ही हिशेबाच्या भाषेत मांडल्या आहेत.

हवा आत कशी येते?

फुप्फुसांना स्वतःला फुगवणारे स्नायू नसतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतील दाब किंचित कमी होतो आणि बाहेरील हवा आत शिरते. स्नायू सैल पडले की ताणलेली फुप्फुसे आपोआप पूर्वस्थितीला येतात व हवा बाहेर पडते.

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेते. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकेतच राहते व तिचा रक्ताला उपयोग होत नाही. मिनिटाला १२ श्वास धरल्यास ६ लिटर हवा आत येते आणि ४.२ लिटर कामी येते. आता दमलेला रुग्ण २५० मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला २४ वेळा घेतो असे समजा. आत येणारी हवा तितकीच, ६ लिटर. परंतु कामी येते केवळ २.४ लिटर. उलाढाल तीच, पण हाती उरणारी शिल्लक जवळपास निम्मी! म्हणूनच परिचारिका घड्याळ लावून श्वास मोजतात आणि रुग्णास उशा देऊन बसते करतात.

देवाणघेवाण कोठे होते?

श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी सूक्ष्म वायुकोश लागतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते सुमारे ३० ते ५० कोटी असतात. ते उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे दोन शयनगृहांच्या सदनिकेएवढी जागा व्यापतील. वायुकोशातील हवा आणि भोवतीच्या केशवाहिन्यांतील रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो.

या पडद्यातून वायू ओढून नेणारी कोणतीही यंत्रणा नाही. जिकडे दाब अधिक तिकडून जिकडे कमी तिकडे वायू स्वतःच जातो. पाऱ्याच्या मापाने वायुकोशात प्राणवायूचा दाब सुमारे १०० मिलिमीटर, तर फुप्फुसात येणाऱ्या रक्तात सुमारे ४० असतो. म्हणून प्राणवायू रक्तात उतरतो. कर्बवायूचा दाब रक्तात ४६ आणि वायुकोशात ४० असतो. म्हणून तो बाहेर पडतो. रक्त केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद थांबते आणि निरोगी फुप्फुसात तेवढ्या वेळेच्या एकतृतीयांशातच व्यवहार पूर्ण होतो.

न्यूमोनियात वायुकोश द्रवाने व पुवाने भरतात. तेथून जाणारे रक्त प्राणवायू न घेताच पुढे निघून जाते. 'प्राणवायू लावला, तरी सुधारणा का नाही?' या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथे असते. माल दारापर्यंत पोहोचला आहे, परंतु दारच बंद आहे. ते उघडण्यास औषधे व वेळ लागतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची अडचण वेगळी असते. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतील बाजूस एक स्निग्ध थर असतो व तो गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. या थराच्या अभावी अशा बाळांना श्वास घेणे जड जाते, हे १९५९ मध्ये अमेरिकेतील डॉ. मेरी एलन ॲव्हरी व जेरे मीड यांनी दाखवून दिले. आज तोच पदार्थ औषधरूपाने बाळाच्या श्वासनलिकेत सोडता येतो.

टक्केवारी आणि रक्कम

रक्तात उतरलेल्या प्राणवायूपैकी सुमारे ९८ टक्के हिमोग्लोबिन वाहून नेते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू नेऊ शकते. म्हणजे हिमोग्लोबिन १५ असल्यास १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर आणि ७.५ असल्यास सुमारे १० मिलिलिटर प्राणवायू मावतो. ऑक्सिमीटर मात्र दोघांनाही ९८ दाखवू शकतो, कारण तो केवळ भरलेल्या जागांची टक्केवारी सांगतो. १९७४ मध्ये जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी शोधलेल्या तत्त्वावर चालणारे हे उपकरण अत्यंत मोलाचे आहे. तथापि केवळ टक्केवारी पाहून रक्कम कळत नाही, हे हिशेबनिसास वेगळे सांगावयास नको. म्हणूनच पंडुरोगी मातेला कधी प्राणवायूपेक्षा रक्ताच्या पिशवीची गरज अधिक असते.

परतीचा माल

पेशींत तयार होणारा कर्बवायू बाहेर टाकणे हे प्राणवायू घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. निरोगी माणसाचा मेंदू मुख्यतः या वायूच्या प्रमाणावरूनच श्वासाचा वेग ठरवतो. दीर्घकाळ धुराने बिघडलेल्या फुप्फुसांत शरीर निकामी भागांकडील रक्त आखडते घेऊन चांगल्या भागांकडे वळवते. गरजेपेक्षा अधिक प्राणवायू मिळाल्यास ही तडजोड मोडते आणि श्वासाची ओढही मंदावते. कर्बवायू साठतो, रक्त आम्लधर्मी होते व रुग्णास गुंगी येते. त्यामुळे अशा रुग्णांत ८८ ते ९२ हीच पातळी राखतात. त्या मातेच्या यंत्रावरील ९० हा आकडा तूट नव्हती. तो डॉक्टरांनी विचारपूर्वक आखलेला अंदाज होता.

आपणांस विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांस नम्र विनंती, की फ्लोमीटरला कृपया हात लावू नये. शंका आल्यास कोणत्याही वेळी सिस्टरांना विचारावे. विचारण्यात संकोच नसावा. प्राणवायूजवळ काडी, विडी किंवा उदबत्ती पेटवू नये. आमच्याकडून आता प्रत्येक रुग्णाच्या खाटेवर डॉक्टरांनी ठरविलेली पातळी मराठीत लिहिली जाते.

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला गेली व प्राणवायू भरून नागपूर-नाशिकला परतली, हे आपणां सर्वांस स्मरत असेल. त्या काळात प्राणवायूचे मोल सर्वांना कळले. परंतु टँकरपासून पेशीपर्यंतच्या साखळीत श्वास मोजणारी परिचारिका, रक्तपेढी, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण हे दुवेही तितकेच आवश्यक आहेत. सिलिंडरवर दात्याचे नाव लिहिता येते. रात्री जागणाऱ्या परिचारिकेच्या दक्षतेवर ते लिहिता येत नाही. तरीही देणगी देताना आपण या खर्चाचाही विचार करावा, अशी विश्वस्त व दाते यांना आमची आग्रहाची विनंती आहे. त्या पहाटे रुग्ण वाचल्या, त्या वॉर्डात चक्कर मारणाऱ्या सिस्टरांमुळेच.