पालकांची बैठक : आरंभ आणि नेम

ज्या घरातले मूल बोलायला फार उशीर लावते, किंवा बोलतच नाही, वयाने वाढते पण बुद्धीने मागे राहते, त्या घरी येणारी-जाणारी माणसे हळूहळू कमी होतात. लग्नकार्याचे बोलावणे येते. पण सोबत कोणी तरी गोड बोलून सुचवते, "त्याला कशाला दगदग?" मग मूल जात नाही, आणि त्याच्यामुळे आईही जात नाही. अशा आईबापांनी आपसात बैठक कशी सुरू करावी आणि ती कशी टिकवावी, एवढाच विचार ह्या पाठात करायचा आहे.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टर आहेत, शाळेत विशेष शिक्षक आहेत, मग पालकांनी एकत्र बसून काय साधणार? प्रश्न रास्त आहे. पण डॉक्टर मुलाला घटकाभर पाहतात, रात्र काढायची ती आईला. एका मुलाला न्हाव्याच्या कात्रीचा आवाज सोसत नसे. तीन माणसे धरायला लागत. बैठकीत दुसरी एक आई म्हणाली, "अहो, मी तो झोपला म्हणजे कापते. आज कानाजवळचे, उद्या मागचे. आठ दिवसांत डोके होते." ही युक्ती कोणत्या पुस्तकात मिळायची? आणि युक्तीपेक्षाही मोठी गोष्ट अशी की, त्या बाईला आपल्यासारखे दुसरे घर आहे हे त्या दिवशी कळले.

आरंभाला दोन घरे पुरतात. बाकीची कशी शोधावी? अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई ह्यांना गावातले प्रत्येक घर ठाऊक असते. मात्र त्यांच्याकडे नावांची यादी मागू नये. "अमक्या दिवशी बसतो आहोत, वाटले तर या," एवढा निरोप त्यांच्याकरवी पाठवावा. ज्याला यायचे तो आपल्या पायाने येईल.

दिवस बाजाराचा धरावा. तालुक्याच्या गावी एरवी खास भाडे खर्चून कोण येणार? जागा एस.टी. स्टँडापासून जवळ असावी, पाणी आणि संडास असावा, आणि दाराला आतून कडी असावी. पळणारे मूल ज्यांच्या घरी आहे त्यांना कडीचे महत्त्व सांगायला नको! मुले सांभाळायला कॉलेजातले दोघे-तिघे तरुण मिळाले तर आया दीड तास निवांत बोलतात. बापांचे काय? बाप लोक सहसा येत नाहीत, आले तर दाराशी उभे राहतात. त्यांना काम द्यावे. सतरंजी आणणे, कचेरीत कागद देऊन येणे. कामाच्या निमित्ताने माणूस बसतो आणि बसला म्हणजे बोलतो.

आता बैठकीची रीत. एकेकाने बोलावे, मध्ये तोडू नये. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये. हे फार कठीण, कारण सल्ला द्यायची आपणा सर्वांस भारी हौस. खात्रीचे औषध म्हणून कोणी काही विकायला आणले तर त्याला नम्रपणे वाट दाखवावी. आणि "पूर्वजन्मीचे भोग" हे शब्द तेथे कोणीही उच्चारू नयेत. ते त्या आईने सासरी पुष्कळ ऐकलेले असतात. आपल्या कीर्तनकार मंडळींनीही, समोर असे मूल घेऊन कोणी बसले असेल तर, दृष्टान्त जपून निवडावा, असे मला स्पष्ट वाटते.

सर्वांत मोठा नियम : जे बोलले ते त्या दारातच राहिले पाहिजे. हा मोडला म्हणजे काय होते ते मी पाहिले आहे. एका बैठकीत वीस वर्षांच्या मुलाचा बाप बऱ्याच दिवसांनी तोंड उघडून बोलला, "कधी कधी वाटते, ह्याने माझ्या आधी जावे." बोलून तो रडला. हे वाक्य ज्याने ऐकले त्यांपैकी कोणीतरी बाजारात सांगितले. पुढच्या आठवड्याला तो आला नाही. मग दुसरे दोघे आले नाहीत. दोन महिन्यांत बैठक बंद पडली.

तिचा अर्थ लोकांनी क्रूरपणा असा केला. ती भीती होती. आपल्यामागे ह्याला कोण जेवू घालील, ही.

असो. आठ महिन्यांनी दोन आयांनी बैठक पुन्हा धरली. त्या वेळी त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. पूर्वी सगळा भार एका उत्साही गुरुजींवर होता, त्यांची बदली होताच किल्ली कोणाकडे हेही कळेना. सप्ताहातला विण्याचा पहारा आपणांस ठाऊक आहे : वीणा खाली ठेवायचा नाही, पण तो एकाच्याच खांद्यावरही राहत नाही. तसे त्यांनी दर महिन्याला किल्ली आणि वही पुढच्या घरी द्यायचे ठरवले. वर्गणी नाही, चहा ज्याच्या त्याच्या घरचा. पावसात तिघे आले तरी बैठक व्हायचीच. फोनवर गट केला आहे, पण तो निरोपापुरता. संस्था नोंदवण्याची घाई केली नाही. नोंदणीला सात माणसे लागतात, ती मिळतात. पण पदे आली की रुसवेही येतात.

मात्र कायद्याचा अभ्यास त्यांनी केला, आणि तो प्रत्येक बैठकीने करावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता ही चार कारणे धरली आहेत. त्याच्या मंडळावर पालकांच्या संघटनांना जागा ठेवलेल्या आहेत. पालक संघटनांचा 'परिवार' हा देशव्यापी महासंघही १९९५ पासून आहे. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट ही की, मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्याकरिता जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज नातेवाईकही करू शकतो. म्हणजे आपल्यामागे कोण, हे आपण असतानाच विचारायला घेता येते. धाकटा भाऊ, मावशी, चुलता, ज्याला बोलायचे त्याच्याशी बोलता येते.

हा अर्ज भरायचा दिवस ठरला तेव्हा त्या दोघी आया त्या बापाच्या घरी गेल्या. झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. बाजारच्या दिवशी बायको एकटीच आली. त्यानंतरच्या बाजारी तो मुलाला घेऊन आला, सोबत मुलाचा मामा होता. अर्जावर सही केली, दाराशीच बसला, आणि निघताना सतरंजी घडी करून ठेवली.