विज्ञानकथेचे कथानक कसे रचाल?

विज्ञानकथा लिहायला बसलात की एक नियम पाळा. कल्पना एकच करायची. तिचे परिणाम मात्र टाळायचे नाहीत.

एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कल्पना एवढीच, की शरीराचा अपवर्तनांक हवेइतका झाला. मग प्रकाशाचे परावर्तन नाही, अपवर्तन नाही, माणूस अदृश्य! पण कपडे दिसतात, म्हणून ऐन थंडीत उघडे फिरणे आले. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसते. चिखलाच्या पावलांचे ठसे उमटतात. लपण्याच्या शक्तीतूनच पकडले जाण्याची भीती निर्माण होते. हेच कथानक!

आणखी एक अडचण पाहा. डोळ्यातील दृष्टिपटलाने प्रकाश शोषला, तरच आपल्याला दिसते. म्हणजे सर्वस्वी पारदर्शक माणूस आंधळाच असणार! अशी अडचण लपवू नका. पुढचा प्रसंग तिच्यातूनच सुचतो.

आता तुम्ही करून पाहा. तुमच्या शाळेतील घर्षण पाच मिनिटे नाहीसे झाले, असे समजा. फळ्यावरचा खडू, भिंतीतला खिळा, बुटाची गाठ यांचे काय होईल? आणि त्या क्षणी जिन्यावर कोण होते? गोष्ट तेथूनच सुरू करा.