नवरंगाची ओळख

नवरंग हा रंगांवरून ओळखावयाचा पक्षी, असे नावावरून वाटते. परंतु आम्ही विद्यार्थ्यांना आधी कान उघडे ठेवावयास सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे व सायंकाळी रानातून दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू येते. तमिळ भाषेत यास 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात, ते याचमुळे. शीळ ऐकली की नजर जमिनीकडे वळवावी. दाट सावलीत पालापाचोळा उलथीत, आखूड शेपटी हलवीत तो किडे टिपत असतो. पाठ हिरवी, पोट बदामी, बुडाशी लालभडक रंग, गळा पांढरा, डोळ्यावरून रुंद काळा पट्टा, खांद्यावर चकाकता निळा ठिपका. नर व मादी सारखीच. निळ्या रंगामुळे कोणी त्यास खंड्या समजतात. पण खंड्या पाचोळ्यात उड्या मारीत हिंडत नाही.

हिवाळा दक्षिण भारतात व श्रीलंकेत काढून तो विणीसाठी इकडे येतो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे थकलेला नवरंग कधी घराच्या वा वसतिगृहाच्या व्हरांड्यातही आढळतो. पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी समजून त्यास कोंडून ठेवू नये. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात थोडा वेळ विसावू द्यावे आणि तरतरी येताच झाडीत सोडावे. उडता न आल्यास वनविभागास कळवावे. आवारातील पाचोळाही सगळाच जाळू नये, त्याचे अन्न त्याच्याखालीच असते.