विकेंद्रित समाजमाध्यमे आणि एक प्रोग्रॅमर

‘विकेंद्रीकरण’ हा शब्द कला शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. बलवंतराय मेहता समितीचा १९५७ चा अहवाल आणि महाराष्ट्राचा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ यांवर टिपा लिहूनच आपण राज्यशास्त्राचा पेपर ओलांडतो. मीही तशा टिपा लिहिल्या आणि यथावकाश विसरलो. पुढे पदवी मराठीची आणि पोटापाण्याचा उद्योग संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा, असा काहीसा विचित्र योग जुळून आला आणि तोच शब्द मला अगदी निराळ्या वेशात भेटला. त्या ओळखीतून जे कळले ते येथे मांडावयाचे आहे.

प्रोग्रॅमर म्हणजे दिवसभर कळफलक बडवणारा माणूस, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः आमचा बराचसा वेळ लिहिण्यात नव्हे, वाचण्यात जातो. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांची बैठक. तीत काल काय झाले, आज काय करणार आणि कोठे अडले हे प्रत्येकाने सांगावयाचे. त्यानंतर कोणी पाच वर्षांपूर्वी लिहिलेली आज्ञावली उघडावयाची आणि नोकरी सोडून गेलेल्या त्या गृहस्थांच्या मनात काय होते याचा तर्क करीत बसावयाचे. हे काम जुन्या हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेहून फारसे वेगळे नाही. कोणती ओळ मूळची, कोणती नंतर घुसडली, आणि का? आमची सोय एवढीच, की प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद असते.

ही नोंद ठेवणारे बहुतेक ठिकाणचे साधन म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’. त्याची रचना पूर्णपणे विकेंद्रित आहे. जो जो काम करतो त्याच्याजवळ संपूर्ण इतिहासासकट पूर्ण प्रत असते. मुख्य प्रत कोणती, हे केवळ परस्पर संमतीने ठरते. असे असूनही जगातील असंख्य प्रोग्रॅमरांनी आपापल्या प्रती ‘गिटहब’ या एकाच ठिकाणी नेऊन ठेवल्या, आणि ते ठिकाण २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. साधन विकेंद्रित आणि सवय केंद्रित, असा हा प्रकार आहे. सोय माणसाला नेहमी मध्याकडे ओढते. समाजमाध्यमांचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

एका माणसाचा मजकूर अनेक यंत्रांनी एकमेकांकडे पोचवावा ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये आखलेले ‘यूजनेट’ याच तत्त्वावर चालले. आजचे त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘मॅस्टोडॉन’. ऑयगेन रोच्को या जर्मनीतील तरुण प्रोग्रॅमरने ते २०१६ मध्ये लोकांपुढे आणले. (मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा एक लुप्त प्राणी, नव्या वस्तूला मेलेल्या जनावराचे नाव का द्यावे, हे मला कळलेले नाही.)

याची रचना समजून घेण्यास टपालाचा दाखला पुरेसा आहे. पुण्यात टाकलेले पत्र बर्लिनला पोचते तेव्हा दोन्ही देशांची टपालखाती एका मालकाची नसतात. कोणी कोणाचे पत्र कसे स्वीकारावे याचा करार मात्र १८७४ पासून, जागतिक टपाल संघाच्या स्थापनेपासून, चालत आलेला आहे. मॅस्टोडॉनमध्येही असेच आहे. हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत. कोणी एखाद्या संस्थेने, कोणी मित्रमंडळाने, कोणी एकट्याने चालवलेला. माझे नाव एका सर्व्हरवर असले तरी दुसऱ्या सर्व्हरवरील माणूस माझे लेखन मागवू शकतो. यासाठीचा करार म्हणजे ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे मानक. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली.

भारतात या नावाची चर्चा प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते त्या सुमारास बंद करण्यात आले. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत एकटाच हात बांधून उभा राहिलेला माणूस, हे प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी लावले होते. अनेकांनी तेव्हा स्थलांतर केले आणि बहुतेक परतही गेले. दुसरी, कितीतरी मोठी लाट ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतल्यावर उसळली. त्या डिसेंबरात ट्विटरने मॅस्टोडॉनचे दुवे देण्यासच मनाई केली आणि लगोलग ती मागेही घेतली. रस्ता आपल्या मालकीचा नाही हे कळण्यास एवढे पुरे होते.

मी या लाटेबरोबरच आलो. पण टिकलो तो छंदामुळे. सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन वीरगळ पाहणे हा माझा छंद. गावाच्या वेशीवर, देवळामागे, कधी गोठ्याच्या भिंतीत हे दगड आढळतात. तळच्या चौकटीत युद्ध वा गुरांच्या रक्षणाचा प्रसंग, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे वीराचे नावही कळत नाही. मी छायाचित्रे आणि टिपणे मॅस्टोडॉनवर देऊ लागलो. तेथे मजकुरास ५०० अक्षरांची मर्यादा असते. संगणकाच्या लेखी ‘मराठी’ हा शब्द पाच चिन्हांचा: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. मॅस्टोडॉन मात्र तो आपल्याप्रमाणे तीन अक्षरांचा मोजते. मराठीच्या पदवीधराला एवढ्यावरच आपलेपणा वाटला तर नवल नाही.

या माध्यमाची एक रीत मला विशेष मोलाची वाटते. चित्र दिले की त्याचे शब्दांत वर्णनही द्यावयाचे. दृष्टिहीन वाचकांचे संगणक ते वाचून दाखवतात. सक्ती नाही, पण संकेत मोठा कडक आहे. मी एका वीरगळाचे वर्णन लिहिले, तेव्हा एका दृष्टिहीन वाचकाने विचारले, “तलवार कोणत्या हातात आहे? आणि घोड्याचे तोंड कोणीकडे?” छायाचित्रात तो भाग सावलीत होता. “पुढच्या रविवारी पाहून कळवतो,” असे लिहिले आणि खरोखरच पुन्हा गेलो. दगडावरून बोट फिरवून पाहिले. तलवार उजव्या हातात होती. घोडे दोन होते, आणि दुसऱ्याचे केवळ डोकेच शिल्लक होते. पुढे ते गृहस्थ प्रत्येक वीरगळाविषयी विचारीत गेले आणि माझी टिपणे भरत गेली. माझ्या नोंदींत आज जे काही बारकावे आहेत ते बहुतांशी त्यांच्या प्रश्नांनी आलेले आहेत.

दीड वर्षाने आमचा सर्व्हर बंद झाला. तो एक गृहस्थ स्वतःच्या खर्चाने, नोकरी सांभाळून चालवीत होते. प्रकृती आणि खर्च दोन्ही झेपेनासे झाल्यावर त्यांनी तीन महिने आधी सूचना दिली. याहून अधिक सौजन्य कोण दाखवणार? नियमाप्रमाणे माझे वाचक नव्या सर्व्हरवरील नावाशी आपोआप जोडले गेले. जुने लेखन मात्र बरोबर येत नाही. त्याची प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घेता येते, पण त्या प्रतीत केवळ आपले शब्द असतात, दुसऱ्याचे नव्हेत. शिवाय रीतसर बंद होणारा सर्व्हर इतरांना ‘आमचा मजकूर पुसावा’ असा निरोप धाडतो. परिणाम असा झाला, की त्या वाचकाचे प्रश्न त्यांच्या सर्व्हरवर राहिले आणि माझी उत्तरे माझ्या संगणकात. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले तेव्हा तेथील मराठी मंडळांचेही संभाषण असेच उठले होते. एवढी मोठी कंपनी आणि आमचे एकटे गृहस्थ, या बाबतीत सारखेच ठरले.

म्हणून ‘विकेंद्रित माध्यमाला मालक नसतो’ असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. मालक असतोच, तो आपल्या ओळखीचा असतो आणि त्याचे वीजबिल आपल्याला दिसते, एवढाच बदल होतो. हा बदल लहान आहे असे मात्र मी म्हणणार नाही. नव्या सर्व्हरवर आम्ही शंभरेक माणसे दरमहा वर्गणी काढतो आणि चौघे आळीपाळीने देखभाल करतो. तीत तंत्राचा भाग थोडा. इतरांच्या चित्रांच्या प्रतींनी जागा भरत राहते, ती मोकळी करावयाची. रोजची प्रत काढावयाची. खरे काम तक्रारींचे आहे.

एका सर्व्हरवरून आमच्या एका सभासद बाईंना गलिच्छ मजकूर येऊ लागला. त्यांच्या चालकाने दाद दिली नाही. अशा वेळी दोन उपाय असतात: त्या सर्व्हरचा आवाज बारीक करणे, किंवा संबंध पूर्ण तोडणे. पहिला उपाय महिनाभर करून पाहिला आणि मग दुसरा केला. याला गावच्या भाषेत वाळीत टाकणे म्हणतात. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो याच प्रथेच्या अनुभवातून. फरक इतका, की येथे माणसाला दुसऱ्या गावी घर बदलून जाता येते. पण त्या सर्व्हरवर कुंडीतील झाडांविषयी लिहिणाऱ्या एक निरुपद्रवी बाईही होत्या, आमच्यातील पुष्कळांच्या परिचयाच्या. आम्ही त्यांना आधी कळवले होते. त्या कोठे गेल्या ठाऊक नाही. पुन्हा दिसल्या नाहीत. निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे मत आमच्या बैठकीत घेतले गेले नव्हते, आणि घेण्याची काही व्यवस्थाही नाही. पंचायत राज्याच्या कायद्यात निदान ग्रामसभा तरी आहे.

वीरगळांचे काम चालू आहे. ते दृष्टिहीन वाचक नव्या ठिकाणीही प्रश्न विचारतात. त्यांच्या संमतीने मी आता प्रश्न आणि उत्तर एकत्र उतरवून ठेवतो. अशा एकेचाळीस वीरगळांच्या नोंदींची छापील वही गेल्या दिवाळीत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दिली आहे. तिची दुसरी प्रत त्या वाचकाकडे आहे, ध्वनिमुद्रित करून.